संदर्भ नक्की कुणासाठी?

गणितातली एखादी गोष्ट खरी असेल, तर ती कुणी सांगितली याने काय फरक पडतो? कोर्टात साक्षीदार कोण आहे याला महत्त्व असतं. औषध डॉक्टरने सांगितलं की शेजारच्या काकांनी, याला तर फारच असतं. पण सिद्धता समोर मांडलेली असेल, तर ती ऑयलरची आहे की अकरावीतल्या एखाद्या मुलीची, याचा तिच्या खरेपणाशी काही संबंध नाही. मग गणिताच्या शोधनिबंधाखाली ती लांबलचक संदर्भयादी कशाला हवी?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझी ताई नंबर थिअरीत पीएचडी करते. तिचा पेपर एका जर्नलकडे पाठवायचा होता, आणि संदर्भ त्यांच्या पद्धतीत बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी. हे काम म्हणजे तांदूळ निवडणं. आडनाव आधी की आद्याक्षरं आधी, खंडाचा क्रमांक ठळक की साधा, 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' पूर्ण लिहायचं की 'अ‍ॅन. ऑफ मॅथ.' असं. त्यासाठी बिबटेक नावाचं सॉफ्टवेअर आहे. ओरेन पताश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ते १९८५ साली केलं, आणि गणितवाले ते अजून वापरतात. ते कामसू आहे, पण समजूतदार नाही. शीर्षकातल्या 'रीमन'ला महिरपी कंसात ठेवलं नाही, तर बऱ्याच शैलींमध्ये त्याचं पहिलं कॅपिटल अक्षर छोटं होतं. नावात स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द ते आडनाव समजतं. 'श्रीनिवास रामानुजन' यातलं श्रीनिवास हे वडिलांचं नाव आणि रामानुजन हे त्यांचं स्वतःचं, हे त्याच्या गावीही नसतं.

यादीत चाळीसेक नोंदी होत्या. एकीवर गाडी अडली. ताईने एक छोटं पूर्वप्रमेय एका नावाजलेल्या पुस्तकातून घेतलं होतं. पुस्तकात म्हटलं होतं की हे मूळचं एका जुन्या जर्मन पेपरमधलं. त्या पेपरची तयार नोंद मला एका क्लिकवर मिळाली. मी ती चिकटवायला गेलो, तर ताई म्हणाली, "थांब. तो पेपर मी वाचलेला नाही."

"अगं, पण पुस्तकात दिलंय ना? सगळेच देतात तो संदर्भ."

"सगळ्यांनी तरी वाचलाय का?"

मला हा निव्वळ सोवळेपणा वाटला. पण विचार करायला लागलो तशी गंमत लक्षात आली. फक्त पुस्तकाचा संदर्भ दिला, तर ज्याने काम केलं त्याचं नाव गळतं. फक्त पेपरचा दिला, तर न वाचलेलं वाचल्याचा आव येतो. म्हणजे संदर्भ एकाच वेळी दोन वेगळी कामं करतो. एक, आभार : हे माझं नाही, अमक्याचं आहे. दुसरं, हमी : तिथे जाऊन बघा, मी म्हणतोय ते तिथे आहे. आभार ऐकीव माहितीवर मानता येतात. हमी तशी देता येत नाही.

नुसते आभार ऐकीव माहितीवर मानत गेलं की काय होतं, त्याचं ठळक उदाहरण म्हणजे 'पेलचं समीकरण'. एका वर्गसंख्येतून दुसऱ्या वर्गसंख्येची ठरावीक पट वजा केल्यावर १ उरला पाहिजे, अशा पूर्ण संख्या शोधायच्या. सतराव्या शतकात ते सोडवण्याची रीत ब्राउंकर या इंग्रज माणसाने दिली. ऑयलरने चुकून जॉन पेलचं नाव लावलं. पुढच्यांनी ते उचललं, आणि आजही पाठ्यपुस्तकांत पेलच आहे. गणित तसूभरही चुकलं नाही, श्रेय मात्र चुकलं ते चुकलंच.

याच समीकरणाची दुसरी गोष्ट आपल्याकडची. ते सोडवण्याची चक्रवाल पद्धत आपण भास्कराचार्यांच्या नावाने ओळखतो; ११५०च्या बीजगणितात ती आहे. पण त्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितीने ती मांडली होती. जयदेवांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. मग हे कळलं कसं? उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने १०७३ साली आपल्या 'सुंदरी' या टीकेत जयदेवांचे श्लोक त्यांच्या नावासकट उतरवून ठेवले. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ साली ते अभ्यासकांपुढे आणले. जवळजवळ नऊशे वर्षं एक माणूस दुसऱ्याच्या संदर्भात जिवंत राहिला. उदयदिवाकराने नाव गाळून नुसती रीत दिली असती, तरी ती तितकीच बरोबर असती.

स्वतः भास्कराचार्यांनीही बीजगणिताच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ या पूर्वसूरींची नावं घेतली आहेत. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ हरवला. वर्गसमीकरण सोडवण्याची त्यांची रीत भास्कराचार्यांनी उद्धृत केली म्हणून आपल्यापर्यंत आली. पद्मनाभांचंही बीजगणित हरवलं.

ताईने शेवटी तो जर्मन पेपर मिळवला, आणि मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने दोन रात्री बसून वाचला. मूळ लेखकाने ते पूर्वप्रमेय फक्त विषम मूळ संख्यांसाठी सिद्ध केलं होतं. २ची बाजू पुस्तकाच्या लेखकाने नंतर भरली होती. तिने दोन्ही संदर्भ दिले आणि कुणाचं काय, ते एका वाक्यात लिहिलं. समजा, दोन्हीकडे अगदी सारखंच निघालं असतं, तर त्या दोन रात्री फुकट गेल्या असत्या का? मला नाही वाटत. तेव्हाही 'मी बघितलंय' हे वाक्य खरं झालं असतं, आणि तिला तेच हवं होतं.

आता हा मुद्दा आणखी टोकदार झालाय. पूर्वी नीटनेटकी संदर्भयादी ही मेहनतीची खूण होती. आज भाषिक एआयला सांगितलं, तर तो खंड, वर्ष, पानांसकट देखणी नोंद बनवून देतो, आणि कधीकधी तो पेपर अस्तित्वातच नसतो. स्वल्पविराम मात्र जागच्या जागी. म्हणजे मांडणी यंत्राकडे गेली ते ठीकच, मीही ती यंत्राकडूनच करून घेतली. त्या नोंदीमागचं 'मी बघितलंय' मात्र यंत्राला माझ्या वतीने म्हणता येत नाही.

मग मांडणीला काही अर्थच नाही का? आहे. आमच्या कामात प्रोजेक्ट कुठल्या लायब्ररीच्या नेमक्या कुठल्या आवृत्तीवर चालतो, ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. ते त्या लायब्ररीच्या लेखकाचा मान राखायला नसतं. दोन वर्षांनी तो कोड उघडणाऱ्या अनोळखी पोरासाठी असतं. संदर्भाचंही तसंच. प्रीप्रिंटच्या पहिल्या आवृत्तीतलं ३.२ क्रमांकाचं प्रमेय तिसऱ्या आवृत्तीत ३.४ झालेलं असू शकतं. आवृत्ती लिहिली नाही, तर शोधणारा चुकीच्या दारावर टकटक करत बसतो.

सिद्धतेला संदर्भाची गरज नाही, हे मला अजूनही पटतं. गरज माणसांना आहे : ज्यांनी आधी केलं त्यांना, आणि जे नंतर शोधत येतील त्यांना. पहिले बहुतेकदा हयात नसतात, दुसरे अजून आलेले नसतात. दोघंही तक्रार करणार नाहीत. म्हणूनच पत्ता नीट लिहायचा की नाही, हा ज्याचा त्याने ठरवायचा प्रश्न उरतो.