बुडणे आणि बुडी मारणे

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. हे आपण दरवर्षी ऐकतो. मी आज त्या समुद्रात राहणाऱ्या एका लोखंडी जिवाबद्दल बोलणार आहे. डोंबिवलीहून निघायचे, कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरायचे, अशी माझी नोकरीची वर्षे माझगाव गोदीत फिटर म्हणून गेली. १९९२ साली नौदलात दाखल झालेली 'शल्की', भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आमच्याच गोदीतली.

लोक विचारायचे, अहो, एवढे लोखंड तरंगते कसे? रिकामे पातेले बादलीत ठेवून पाहा, तरंगते. पाणी भरा, तळाला जाते. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार पाणी तिला देते. 'शल्की' पाण्यावर सुमारे १,६६० टनांची, बुडी मारल्यावर १,८५० टनांची. मधले १९० टन कुठून आले? समुद्राचेच पाणी, तिने आपणहून आत घेतलेले! त्यासाठी वेगळ्या टाक्या असतात. वरच्या झडपा उघडल्या की हवा निसटते, खालून पाणी शिरते. वर यायचे तर झडपा लावून, बाटल्यांत दाबून भरलेली हवा टाक्यांत सोडायची. ती पाण्याला खालून बाहेर ढकलते.

माणसे राहतात तिथे मात्र पाणी जाता कामा नये. तिथे गेले तर ते बुडणे. टाकीत घेतले ती बुडी. दुःख आत येऊच देऊ नये असे काही प्रवचनकार सांगतात. मला ते पटत नाही. संसारी माणसाला टाकी हवीच.

आणि खोलाची एक खोड आहे. दर दहा मीटरला वातावरणाच्या दाबाइतका भार वाढतो. पाणबुडीचे अंग किंचित आवळते, आवळले की आधार घटतो, घटला की ती आणखी खाली जाऊ पाहते. थोडे पाणी वेळेवर बाहेर टाकावे लागते.

चार वर्षांपूर्वी आमची ही गेली. सहा महिने मी देवळाची पायरी चढलो नाही. घरच्यांना वाटले, बाबांना वैराग्य आले. कसले वैराग्य! रडलो नाही, बोललो नाही, आणि जितका आत गेलो तितका आणखी आत ओढला गेलो. दत्तजयंतीच्या आठवडाभर आधी शेजारच्या नानांनी दार वाजवले. "सप्ताहाला बसायचंय, पण डोळे साथ देत नाहीत. तुम्ही गुरुचरित्र वाचा, मी ऐकतो."

पहिल्या दिवशी दोन ओव्यांतच घसा दाटला. पोथी मिटणार होतो. पाणबुडीच्या बाटल्यांतली ती हवा खोलात भरता येत नाही; मोकळा वारा मिळतो तेव्हाच भरून ठेवायची असते. दर गुरुवारी आम्ही दोघे देवळात करुणात्रिपदी म्हणायचो, तीस वर्षे. तीच तोंडातून निघाली. सूर नव्हता, मध्येच हुंदका आला, मग दुसरा.

नाना थांबले. मग म्हणाले, "हं, आता पुढचं वाचा."