आधी ग्लास की आधी कारण?

आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, ४० वा. इच्छा नसतानाही माणूस पाप का करतो, असं अर्जुनाने विचारलंय. भगवंत 'काम' या शत्रूचं नाव सांगतात आणि इथे त्याचा पत्ताही देतात: इंद्रियं, मन आणि बुद्धी. पहिली दोन समजतात. पण बुद्धीत बसून वासना काय करते? ती कारणं पुरवते.

रेड वाइनचंच बघा. फ्रेंच लोक इतकं लोणी-चीज खाऊनही त्यांच्यात हृदयविकार कमी कसा, याचं श्रेय १९९१ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात रेड वाइनला दिलं गेलं आणि तिथला खप वाढला. पुढे द्राक्षाच्या सालीतलं रेसव्हेरॅट्रॉल गाजलं. पण १५० मिली ग्लासात ते फार तर एखाद-दोन मिलिग्रॅम, आणि अल्कोहोल सुमारे १४ ग्रॅम! शिवाय अनेक अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही धरले होते. म्हणजे तुलनाच चुकीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तर १९८८ मध्येच मद्याला कॅन्सरकारक ठरवलंय.

माझ्या एका मित्राचे वडील अँजिओप्लास्टीनंतरही रोज रात्री एक ग्लास घेतात. 'हार्टसाठी.' मित्राने विचारलं, "हे सगळं त्यांना सांगू का? आई गेल्यापासून त्यांना तेवढाच एक विरंगुळा आहे." मी म्हटलं, सांग, डॉक्टरांनाही विचारायला लाव. पण आधी रोज त्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन बस. ग्लास हार्टसाठीच असेल, फक्त कार्डिओलॉजिस्टच्या अर्थाने नाही. नुसतं कारण खोडून काढलं, तर बुद्धी उद्या दुसरं शोधेल.

आणि आपण न पिणारे? 'उपवासाला चालतं' म्हणत साबुदाणा वडे आणि वेफर्स हाणतो, तेव्हा आपली बुद्धी वेगळं काय करत असते? पिणाऱ्याला आकडे फेकून मारताना जो सूक्ष्म आनंद होतो, तोही वासनाच की! आणखी एक विचारतो: उद्या एखाद्या अभ्यासाने वाइन खरंच चांगली ठरवली, तर आपण पिणार का? उत्तर 'नाही' असेल, तर आपलं कारण आरोग्य नव्हतंच. मग ते काय आहे, हे शांतपणे शोधायला हवं. मन निर्मळ राहावं, नामात लागावं, हे असेल तर ते कुठल्याही नव्या संशोधनाने हलणार नाही.

याच अध्यायाच्या शेवटी भगवंत सांगतात की बुद्धीच्याही पलीकडे आत्मा आहे. तिथे उभं राहिलं तरच बुद्धीचा वकिलीपणा दिसतो. म्हणून आज एकच करून बघा. एखाद्या गोष्टीसाठी फार छान कारण सुचलं, की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: आधी काय आलं, कारण की इच्छा?

राम कृष्ण हरी 🙏