विसरलेली पेंढी



देव नाही, असे आपल्यापैकी कोणीही म्हणत नाही. घरात वेदी आहे, गळ्यात क्रूस आहे, रविवारची मिस्साही सहसा चुकत नाही. मग आपण देवाला विसरलो, असे कसे म्हणता येईल?

देवाला नाकारणे आणि देवाला विसरणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाकारणारा निदान देवाचा विचार तरी करतो. विसरणारा देवाला मानतो. फक्त निर्णय घेताना त्याला विचारत नाही. जमिनीचा सौदा, मुलीचे लग्न, भावाशी चाललेला दावा, ह्यांपैकी कशातही देवाला जागा नसते. आम्हा धर्मगुरूंचेही तेच होते. देवाच्या कामाची इतकी घाई असते की देवाशी बोलायचेच राहून जाते.

इस्राएली लोक चाळीस वर्षे अरण्यात राहिले. त्यानंतर मोशेने त्यांना जो इशारा दिला, तो अनुवादाच्या आठव्या अध्यायात आहे. मोशेला भीती वाटते ती उपासमारीची नव्हे, तर भरल्या पोटाची. चांगली घरे होतील, सोनेरुपे वाढेल आणि मग, हे सारे आपण आपल्या बळावर मिळवले, असे लोक म्हणू लागतील.

आपल्या वसईला हे नवे नाही. वाडवडिलांनी रहाटाच्या पाण्यावर वाड्या पिकवल्या. पाऊस आपल्या हातात नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून पीक घरात आले की आभार आपोआप ओठांवर येत. आज पगार ठरल्या तारखेला बँकेत जमा होतो. आभार मानायचे कोणाचे, हा प्रश्नच पडत नाही.

आपल्या विसरण्याने देवाचे काही कमी होत नाही. कमी होतो तो माणूस. देवाचा विसर पडला की निर्मितीचाही अर्थ कळेनासा होतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले. हे आपण रोज पाहतो. देणारा विसरला की जमीन म्हणजे नुसते गुंठे आणि भाव, म्हातारी आई म्हणजे जबाबदारी, चाळीतला परप्रांतीय कामगार म्हणजे महिन्याचे भाडे. सख्खे भाऊ एकाच मिस्सेला येतात, एकच ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि दारात मात्र एकमेकांकडे पाहत नाहीत. आपल्याला जे मिळाले ते दान होते, हे विसरल्यावर वाटून घेणे जमणार कसे?

त्याच अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक सुंदर नियम आहे. कापणीच्या वेळी शेतात एखादी पेंढी विसरली, तर ती आणायला परत जायचे नाही. ती परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी राहू द्यायची. कारण? तुम्हीही मिसर देशात दास होता, ह्याची आठवण ठेवायची. देवाची आठवण ठेवणाऱ्याला एक विसरणे शोभते: आपल्या हक्काची पेंढी विसरणे. आपले नेमके उलटे होते. पेंढी लक्षात राहते आणि देव विसरतो.

ह्या आठवड्यात रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसू या. आज आपल्याला काय मिळाले आणि आज आपण कोणाला विसरलो, हे दोनच प्रश्न स्वतःला विचारू या. एखादे नाव आठवलेच, तर सकाळी त्या दारात जाऊ या. शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर मोडताना प्रभूने आपल्याकडे मागितले ते स्मरण. वेदीपाशी केलेले ते स्मरण भावाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले पाहिजे.