मुलांवरील क्रोध आणि गृहस्थाची साधना

गृहस्थाश्रमातील मोठ्या संकटांविषयी पुष्कळ विचार झालेला आहे. मरण, दारिद्र्य, रोग, वियोग अशा प्रसंगी मनुष्याने कसे वागावे हे सांगणारे भेटतात, आणि त्या वेळी मनुष्य स्वतःही सावध असतो. परंतु त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग अशा संकटांत जात नाही. तो सांडलेल्या दुधात, हरवलेल्या चपलेत, न येणाऱ्या पाढ्यात आणि भावंडांच्या भांडणात जातो. या क्षुल्लक प्रसंगी होणारा त्रागा हा साधनेचा विषय आहे काय, हा प्रश्न लहान मुले असलेल्या प्रत्येक घरापुढे आहे.

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला हा औद्योगिक भाग आहे. तेथे लोखंडाच्या भट्ट्या व रोलिंग मिल आहेत, आणि काम रात्रंदिवस पाळ्यांनी चालते. अठराव्या शतकात छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, तेव्हापासून या बाजूस मराठी कुटुंबे राहत आली आहेत. पुढे नोकरीधंद्यामुळे आणखी आली. अशा एखाद्या घराची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. वडील रात्रपाळी करून आलेले असतात व त्यांना झोप हवी असते. आई डबा, पाणी आणि शाळेची वेळ यांच्या मागे असते. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसलेली असल्याने ते पुन्हा धुवायचे असतात. नेमका त्याच वेळी चार वर्षांचा मुलगा बुटाची नाडी स्वतःच बांधण्याचा हट्ट धरतो आणि धाकटी मुलगी पाण्याचा तांब्या उपडा करते. वडिलांचा आवाज चढतो, प्रसंगी हातही उठतो. मूल रडत शाळेस जाते. वडिलांची झोप मोडतेच, शिवाय मनाला एक टोचणी लागून राहते.

अशा वागण्याचे समर्थन सामान्यतः असे केले जाते, की थकलेल्या माणसाचा तोल जाणे स्वाभाविक आहे. यात तथ्य आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार आणि निद्रा यांच्या प्रमाणाला योगात स्थान दिले आहे. झोपेवाचून राहिलेल्या देहाकडून शांतीची अपेक्षा भगवंतांनीही केलेली नाही. म्हणून जेथे कारण केवळ श्रमाचे असेल, तेथे उपदेशापेक्षा घरातील व्यवस्था बदलणे हाच पहिला उपाय होय. वडिलांनी झोपण्याची जागा व वेळ ठरवावी, आईच्या कामाचा काही भार त्यांनी उचलावा, मुलांची तयारी आदल्या रात्री करून ठेवावी. ही कामे लहान दिसली तरी धर्माचीच आहेत.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. तोच मनुष्य, तितकाच थकलेला असता, कारखान्यात वरिष्ठाचे कठोर बोलणे निमूटपणे ऐकून घेतो. तेथे जीभ आवरते, हात आवरतो. म्हणजे संयमाची शक्ती त्याच्या ठिकाणी आहे. ती उंबरठ्याबाहेर वापरली जाते आणि उंबरठ्याच्या आत बाजूस ठेवली जाते. कारण उघड आहे. वरिष्ठाकडून नोकरीचे भय असते, मुलाकडून कसलेच भय नसते. क्रोध आंधळा असतो असे म्हणतात. पण येथे तो दुबळ्याला अचूक निवडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. घरात मात्र पाहणारा बहुधा आपला अंतर्यामीच असतो; म्हणून घर हीच संयमाची खरी परीक्षा आहे.

हा क्रोध उत्पन्न होतो कोठून? गीतेच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे त्याचे मूळ इच्छेत आहे. घर नीट असावे, आपले ऐकले जावे, चार लोकांत मुलाने आपली मान खाली घालायला लावू नये, अशा या इच्छा असतात. त्यांतली शेवटची तर मुलाच्या हिताची नसून आपल्या मानाची असते. शेजाऱ्याच्या मुलाने पाणी सांडले तर हसून फडके घेणारा मनुष्य स्वतःच्या मुलावर ओरडतो, कारण तेथे ‘माझे’ हा शब्द आड येतो.

आचार्य विनोबा भावे यांनी आपल्या मातोश्री रुक्मिणीबाई यांची एक आठवण सांगितली आहे. घरात आश्रयास असलेल्या एका परक्या मुलाला त्या ताजे अन्न वाढीत आणि शिळे उरले तर विनोबांना देत किंवा स्वतः घेत. हा भेद का, असे विनोबांनी विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की त्या मुलात मला देव दिसतो, तुझ्या ठायी मात्र अजून पुत्र म्हणून आसक्ती आहे. तुझ्यातही देव दिसू लागला की भेद राहणार नाही. याच माउलीला संस्कृत गीता कळत नव्हती, आणि तिच्या इच्छेतून पुढे ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहिली गेली. ती पाहण्यास मात्र त्या राहिल्या नव्हत्या, १९१८ मध्येच त्यांचा अंत झाला होता. तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, घर यांविषयी जी अनासक्ती सांगितली आहे, तिचा अर्थ या गृहिणीने स्वयंपाकघरात लावला होता.

यावरून अनासक्ती म्हणजे उपेक्षा, असा अर्थ कोणी घेऊ नये. ‘संसार मिथ्या आहे’ म्हणून मुलांकडे पाठ फिरवणे हे अर्जुनाने रण सोडण्यासारखेच आहे. चुलीकडे जाणारा हात धरलाच पाहिजे, खोटे बोलल्यास थांबविलेच पाहिजे. प्रश्न इतकाच, की शासन कोणासाठी चालले आहे? त्याची कसोटी सोपी आहे. ‘आज माझी झोप पुरी झाली असती, तरी मी हेच बोललो असतो काय?’ उत्तर ‘होय’ असेल तर ते शिक्षण. ‘नाही’ असेल तर तो आपला त्रागा, मुलाच्या माथी मारलेला.

मुलाची बाजूही जाणली पाहिजे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाचे काम उभारणाऱ्या, व पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात मुलाच्या स्वयंप्रेरित कृतीला मोठे स्थान दिले. नाडी स्वतः बांधू पाहणारे मूल आज्ञाभंग करीत नसून शिकत असते. आवेग आवरण्याची मेंदूची शक्ती तर तारुण्यापर्यंत पक्व होत राहते, हे आता शास्त्रानेही सांगितले आहे. जी शक्ती मुलात अजून आलेली नाही, ती त्याच्याकडून मागायची आणि स्वतःत असलेली वापरायची नाही, हा न्याय नव्हे.

चंचल मन अभ्यासाने व वैराग्याने वश होते, असे गीतेचे आश्वासन आहे. गृहस्थाचा अभ्यास असा असावा: घरात पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबून नामस्मरण करावे, आवाज चढू लागताच बोलणे थांबवावे, दुसऱ्याला उद्विग्न न करणारी वाणी हे तप आहे, हे लक्षात ठेवावे. आणि तोल गेलाच, तर मुलाजवळ बसून तसे सरळ कबूल करावे. त्याने बापाचा मान जात नाही. चूक कबूल करता येते, हे मूल त्या दिवशी शिकते, आणि ही शिकवण कोणत्याही ओरडण्याने देता येत नाही.