नावाची चाळणी

मुंबईतल्या एका मोठ्या रेल्वे स्थानकाच्या दाराशी मेटल डिटेक्टरची चौकट उभी आहे. सकाळच्या गर्दीत ती सारखी वाजत असते आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मागच्या आठवड्यात मात्र तिथल्या शिपायानं एका मुलाला बाजूला घेतलं. विशी-पंचविशीचा मुलगा, दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, पाठीला सॅक. माझ्या खांद्यावर त्याच्यापेक्षा मोठी बॅग होती, पण मला कुणी अडवलं नाही. मुलानं न बोलता सॅक उघडली, डबा दाखवला, वह्या दाखवल्या आणि सगळं पुन्हा जागच्या जागी भरलं. हे त्याच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं. मी पुढे निघालो आणि मला हायसं वाटलं. कुणीतरी आपली काळजी घेतंय, असं. त्या हायसं वाटण्यानं मला आठ दिवस स्वस्थ बसू दिलेलं नाही.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र या शहराच्या अंगात अजून मुरलेली आहे. 166 माणसं गेली. त्यातली पन्नासहून अधिक एकट्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, गावाकडच्या गाडीची वाट बघत बसलेली. समुद्रातून आलेल्या त्या दहा हल्लेखोरांना व्हिसा लागला नव्हता. पण ज्यानं त्यांच्यासाठी हे शहर आधी फिरून पाहिलं, जागा हेरल्या, चित्रण केलं, तो रीतसर व्हिसा घेऊन, विमानतळावर शिक्का मारून आत आला होता.

त्याचं जन्मनाव दाऊद गिलानी. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन, जन्म वॉशिंग्टनचा, नागरिकत्व अमेरिकेचं. 2006 मध्ये त्यानं कायदेशीरपणे नाव बदलून डेव्हिड कोलमन हेडली असं करून घेतलं. कारण त्यानं पुढे अमेरिकी न्यायालयापुढे स्वतःच मान्य केलं: भारतात आपण मुसलमानही वाटू नये आणि पाकिस्तानीही वाटू नये, केवळ एक अमेरिकी माणूस वाटावं, यासाठी. हल्ल्यापूर्वी तो अनेक वेळा भारतात येऊन गेला. मुंबईत त्यानं कार्यालय थाटलं, तेही लोकांना परदेशी स्थलांतराचा सल्ला देण्याच्या नावाखाली. व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती भरल्याची कबुली त्यानं 2016 मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे व्हिडिओवरून साक्ष देताना दिली.

आपली चाळणी कशी आहे, हे त्यानं आपल्यापेक्षा नीट ओळखलं होतं. ती नाव बघते आणि पासपोर्टाचा रंग बघते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं तेवढंच बदललं. बाकी माणूस तोच राहिला आणि अलगद आत आला.

याच कहाणीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. या माणसाबद्दल आधी सांगणारं कुणी नव्हतं, असं नाही. 2005 मध्ये त्याच्या एका पत्नीनं न्यूयॉर्कमध्ये तपास यंत्रणेला त्याच्या लष्कर-ए-तैयबा या दहशतवादी संघटनेशी असलेल्या संबंधांविषयी सांगितलं होतं. नंतर दुसऱ्या पत्नीनं इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन तेच केलं. दोघी त्याच्या घरातल्या, त्याला जवळून बघितलेल्या. घरचं भांडण दिसतंय, असं वाटून असेल किंवा पुरेसा पुरावा नाही म्हणून असेल, पण त्यांच्या सांगण्याचा कुणी शेवटपर्यंत माग काढला नाही.

हल्ल्यानंतर आपण काय केलं? हेडली पकडला गेल्यावर, 2009 च्या अखेरीस, पर्यटन व्हिसावर येणाऱ्यांसाठी नियम निघाला: एकदा देशाबाहेर गेलात की दोन महिने परत यायचं नाही. भारत बघायला आलेला आणि मधे चार दिवस नेपाळला जाऊन येणारा साधा प्रवासी त्यात अडकला. 2012 च्या शेवटी बहुतेक देशांसाठी तो मागे घ्यावा लागला.

अमेरिकेतही हेच झालं होतं. 11 सप्टेंबर 2001 च्या अपहरणकर्त्यांपैकी दोघांची माहिती गुप्तचर संस्थेकडे 2000 च्या सुरुवातीपासून होती. ती वेळेवर पुढे गेली नाही आणि त्यांची नावं संशयितांच्या यादीत चढेपर्यंत 2001 चा ऑगस्ट सरत आला. चूक दोन विशिष्ट माणसांबाबतची होती. उपाय मात्र असा निघाला की, प्रामुख्यानं मुस्लिम अशा 25 देशांमधून आलेल्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी सरकारी कचेरीत येऊन बोटांचे ठसे द्यावेत, जबाब द्यावा. ऐंशी हजारांवर लोक स्वतःहून रांगेत उभे राहिले. तेरा हजारांवर लोकांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली, पण या नोंदणीतून दहशतवादाचा एकही गुन्हा सिद्ध झाला नाही. 2011 मध्ये ती थांबवली गेली.

सरकारदरबारी अशी हजेरी देणं मराठी माणसाला नवं नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे आपल्याकडेही पारधी, कैकाडी अशा जमातींमागे तो लागला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली गेली, ठरल्या वेळी हजेरी देत राहिली. त्यांनी काय केलं, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण ती कुणाच्या पोटी जन्मली हे माहीत होतं. 1952 मध्ये कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी धाड पडते, हे आजही घडतं.

कोणाला देशात घ्यावं, हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे आणि कसून तपासणं हे त्याचं कर्तव्य आहे. ज्यांच्या घरातलं माणूस त्या रात्री परतलं नाही, त्यांचं आपण तेवढं देणं लागतो. म्हणूनच मला वाटतं, जन्मावरून आणि नावावरून केलेली पारख ही तपासणी नव्हेच. ती कष्ट वाचवण्याची युक्ती आहे. अर्जातला प्रत्येक शब्द पडताळणं, एका खात्याची माहिती दुसऱ्यापर्यंत पोचवणं, धावत आलेल्या बाईचं बोलणं खाली बसून ऐकणं, हे काम संथ आहे आणि दिसत नाही. टोपीवाल्या मुलाची सॅक उघडायला लावली की ते चारचौघांना दिसतं आणि माझ्यासारख्याला हायसं वाटतं.

त्या सकाळी चौकट आमच्या दोघांसाठीही वाजली होती. शिपायानं दोघांच्याही बॅगा उघडायला लावल्या असत्या, तर माझी लोकल चुकली असती आणि मी कुरकुरलोही असतो. ती कुरकुर मी करायला हवी होती. माझ्या वाट्याची झडतीही तो मुलगा एकटाच देऊन गेला.