गळ्यातली माळ आणि दारचा पट्टा

भूतदया हा शब्द आपल्या संप्रदायात इतका रुळलेला आहे की तो उच्चारताना आता कोणालाच अडखळायला होत नाही. कीर्तनात बुवांनी भूतदयेचा विषय काढला की आपण मान डोलावतो, टाळ्या देतो, डोळेही पुसतो. शब्द सोपा झाला की त्यातली अडचण दिसेनाशी होते, हे मात्र ध्यानात घ्यायला पाहिजे. भूतदयेची खरी परीक्षा मंडपात होत नसते. ती आषाढातल्या एखाद्या रात्री, बाहेर झड लागलेली असताना, आपण दाराला कडी घालतो त्या क्षणी होते. कडीच्या आत आपण आणि कडीच्या बाहेर कोण, हा तो प्रश्न होय.

बहुतेक घरी बाहेर कुत्रा असतो. शेतवस्तीवर तर तो असतोच, अलीकडे गावोगाव जे बंगले झाले त्यांच्या फाटकाशीही असतो. त्याला आपण राखणीला आणलेले असते. त्याचे नाव ठेवलेले असते, गळ्यात पट्टा घातलेला असतो आणि पट्ट्याला साखळी अडकवलेली असते. पाऊस आला म्हणजे गाय गोठ्यात जाते, कोंबड्या डालल्या जातात, सरपणावरसुद्धा ताडपत्री पडते. कुत्रा मात्र भिजत राहतो. कोणाच्या मनात दुष्टपणा असतो असे नाही. “अहो, कुत्र्याची जात ती, त्याला काय होतंय?” एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो. आम्हांला हा विषय इतक्या लवकर संपवावासा वाटत नाही. या वाक्याच्या पोटात तीन-चार आक्षेप दडलेले आहेत. ते एकेक बाहेर काढून पाहू.

पहिला आक्षेप असा : गावात इतकी मोकाट कुत्री आहेत, ती पावसात राहतातच की! मग याचेच कौतुक कशाला? वरवर पाहता हे बिनतोड वाटते. पण मोकाट कुत्रे पावसात काय करते ते जरा पाहावे. ते बैलगाडीखाली शिरते, देवळाच्या ओवरीत जाते, बंद दुकानाच्या फळीखाली अंग चोरून बसते. वारा फिरला की जागा बदलते. सुक्या जागेचे ज्ञान त्याला आपल्यापेक्षा जास्त असते. आपल्या कुत्र्यालाही ते ज्ञान असते, पण साखळी चार हातांची असते. म्हणजे देवाने त्याला स्वतःचे रक्षण करण्याची जी बुद्धी दिली, ती आपण खुंटीला बांधून ठेवली. ज्याने बुद्धी बांधली त्याच्याकडे रक्षणाचे काम आपोआप आले. हा हिशोब अगदी सरळ आहे. त्याला शास्त्रार्थ लागत नाही.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाची गोष्ट आहे. हस्तिनापुराहून निघताना एक कुत्रे आपण होऊन मागे लागले. द्रौपदी पडली, भाऊ पडले, कुत्रे मात्र शेवटपर्यंत चालत राहिले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराजाने सांगितले की आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. पुढे ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्मच निघाला, हे सर्वांना ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच की त्या कुत्र्याला धर्मराजाने बांधून आणलेले नव्हते. आपण होऊन आलेल्याचे जर इतके देणे लागते, तर आपणच आणून बांधलेल्याचे किती लागत असेल?

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. “त्याचा जन्मच कुत्र्याचा, भोग आहे तो भोगतोय.” हे वाक्य तर आमच्या माळकऱ्यांच्या तोंडीही ऐकू येते, म्हणून त्याचा विचार थोडा सावकाश करायला हवा. प्रारब्धाचा सिद्धांत संतांनी सांगितला, तो स्वतःचे दुःख सोसण्याचे बळ यावे म्हणून. आपल्या घरी आपत्ती आली असता “हा माझा भोग” असे म्हणणाऱ्याला शांती लाभते. पण तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट करून म्हटले की ते शांतीचे राहत नाही, आळसाचे होते. नाथमहाराजांनी काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. गाढवाचेही प्रारब्ध होतेच की! वाळवंटात तहानेने पडणे हे त्याच्या प्रारब्धात असेल, तर त्याच वेळी त्या वाटेने नाथमहाराज कावड घेऊन येणे हेही त्याच प्रारब्धात होते. प्रारब्ध मानायचे तर पुरते मानावे. कुत्र्याच्या भोगात पाऊस लिहिलेला असेल, तर त्याच्या दारातला धनीही तिथेच लिहिलेला आहे.

तिसरा आक्षेप सोवळ्या-ओवळ्याचा. घरात देव आहेत, स्वयंपाक आहे, कुत्रा आत कसा घ्यायचा? येथे आमचा कोणाशी वाद नाही. ज्याला घरात घ्यायचा नसेल त्याने खुशाल बाहेर ठेवावा. पण ‘घराबाहेर’ आणि ‘उघड्यावर’ हे दोन शब्द एक नव्हेत. तुळशीवृंदावनही घराबाहेरच असते, त्याची निगा आपण राखतोच ना? आपल्या जुन्या वैश्वदेवाच्या विधीत गाय, कावळा आणि कुत्रा यांचा घास पानातून वेगळा काढण्याची रीत आहे. ज्याला सोवळ्याच्या अन्नात वाटा दिला, त्याला अंगणात कोरडी चार फूट जागा द्यायला सोवळे आड येत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचे लक्षण सांगताना भगवंतांनी ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याबरोबर कुत्र्याचेही नाव घेतले आहे. माउलींनी ती गीता आपल्या भाषेत आणली ती सर्वांसाठी. तेव्हा त्या यादीतून कुत्र्याला वगळण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

चौथा आक्षेप मात्र जाणत्याचा आहे. तो असा की जडभरताने हरणाच्या पाडसाला जीव लावला आणि त्याला हरणाचा जन्म घ्यावा लागला. मग मुक्या जनावरात मन गुंतवणे हा परमार्थाला धोका नव्हे काय? भागवताच्या पाचव्या स्कंधातली ही कथा आपण पुष्कळदा ऐकतो, पण नीट ऐकत नाही. नदीत वाहून चाललेले पाडस भरताने बाहेर काढले, यात त्याचे काही चुकले असे भागवत म्हणत नाही. पुढे त्या पाडसापायी त्याची नित्यकर्मे सुटली, ध्यान सुटले, मरतानाही मनात पाडसच राहिले. तेथे चुकले. पाडसाला वाचवणे ही दया. ‘माझे पाडस’ हा ध्यास म्हणजे ममता. दयेत समोरच्याला काय हवे हे पाहायचे असते, ममतेत आपल्याला काय हवे तेच दिसते. ही कसोटी लावली म्हणजे दोन्ही टोके उघडी पडतात. कुत्र्याला रेशमी अंगडे घालून मिरवणारा आणि कुत्र्याला पावसात विसरणारा, या दोघांतही एक साम्य आहे. दोघांनीही कुत्र्याकडे पाहिलेले नसते.

मग पाहायचे म्हणजे काय? नामदेवरायांची कथा इथे उपयोगी पडते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. नामदेवांनी कुत्र्यात देव पाहिला, एवढेच सांगून आपण थांबतो. पण देव पाहून ते नुसता नमस्कार करून बसले नाहीत. भाकरी कोरडी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. समोरच्याचे नेमके काय उणे आहे हे ओळखून ती वस्तू हातात घेऊन धावणे, यालाच आम्ही भूतदया म्हणतो. म्हणून आता कुत्र्याचे उणे काय ते पाहू. हा भाग प्रपंचाचा वाटेल, पण परमार्थ इथेच करायचा आहे.

कुत्र्याच्या अंगाची उष्णता माणसापेक्षा अधिक, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. ती टिकते केसांच्या आत अडकलेल्या हवेमुळे. केस भिजून अंगाला चिकटले की ती हवा जाते आणि ऊब संपते. म्हणून नुसत्या थंडीपेक्षा भिजणे आणि वर वारा लागणे हे फार वाईट. त्याला निवारा करायचा तो असा : खोपटे फार मोठे नको. आत उभे राहता यावे, वळता यावे, अंग पसरून निजता यावे, एवढेच पुरे. लहान जागा त्याच्याच अंगाच्या उबेने गरम राहते, मोठी राहत नाही. तळ जमिनीला टेकू नये. चार विटांवर फळ्या टाकून वीतभर उंच करावा, म्हणजे खालून पाणी जात राहते आणि ओल चढत नाही. छपराला उतार हवा, आणि पागोळ्या दाराच्या बाजूला पडू नयेत. आपल्याकडे पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा खोपट्याचे तोंड त्याच्या उलट ठेवावे किंवा घराच्या भिंतीकडे वळवावे. तोंडावर जाड पडदा सोडला तर झड आत येत नाही.

अंथरायला पुष्कळ जण जुने गोणपाट टाकतात. कोरडे असेतो ते ठीक. पण गोणपाट पाणी धरून ठेवते आणि दोन दिवसांत त्याची ओली घोंगडी होते. त्यापेक्षा भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड चांगले. त्यात कुत्रा स्वतःच खळगा करून बसतो. तेही ओले झाले की बदलावे, नाहीतर बुरशी धरते आणि गोचीड होतात. भिजून आलेल्या कुत्र्याचे अंग जुन्या फडक्याने पुसावे, बोटांच्या बेचक्या विशेष करून पुसाव्यात. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याची शक्ती ऊब राखण्यात खर्च होते, म्हणून थंडीत घास थोडा वाढवावा. डबक्याचे पाणी पिऊ देऊ नये. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्याला आणि माणसालाही. त्याची आणि रेबीजची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्यावी.

उन्हाळ्यात हेच सारे उलटे होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. अशा वेळी पत्र्याचे खोपटे भट्टी होते. पत्र्यावर पाचट टाकावे, सावली कुठून कुठे सरकते ते पाहून त्याला हलवावे, मातीच्या पसरट कुंडीत पाणी भरून ठेवावे. आणि एवढे करूनही पिल्लू, म्हातारा कुत्रा, आजारी कुत्रा किंवा ज्याचे केस आखूड आणि अंग काटकुळे आहे असा कुत्रा कुडकुडू लागला, उठेनासा झाला, तर मग खोपट्याचा हट्ट धरू नये. पडवीत घ्यावा. पडवी नसेल तर दाराच्या आत, एका कोपऱ्यात घ्यावा. सकाळी ती जागा सारवता येते किंवा धुता येते. रात्र मात्र परत येत नाही.

हे सारे केवळ पुण्याचे आहे, केले तर केले, असेही कोणी समजू नये. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० साली झाला. त्यात पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा अपराध मानला आहे. गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणे हाही अपराध, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही घातले गेले. संतांनी जे प्रेमाने सांगितले ते सरकारला कलमे घालून सांगावे लागले, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही.

शेवटी एक गोष्ट खास वारकऱ्यांसाठी. ज्येष्ठ वद्यात पालख्या देहू-आळंदीहून निघतात आणि आषाढी एकादशीसाठी पंढरीत पोचतात. म्हणजे घरचा कर्ता जवळजवळ तीन आठवडे बाहेर, आणि नेमका तोच काळ पावसाच्या सुरवातीचा. निघताना आपण पेरणीची सोय लावतो, गुराढोरांची लावतो, घरच्यांना सतरा सूचना देतो. त्यांत अठरावी सूचना दारच्या कुत्र्याची असावी. त्याचे अंथरूण कोणी बदलायचे, त्याला दिवसातून कोणी मोकळे सोडायचे, झड लागली तर कुठे बांधायचे, हे एका माणसाच्या नावावर टाकून मग पताका उचलावी. वारीत वाटेवरची अनोळखी माणसे आपल्याला ओसरीवर जागा देतात, ओले कपडे वाळत घालायला दोरी देतात. भर पावसात मिळालेल्या कोरड्या जागेची किंमत वारकऱ्याइतकी कोणाला कळणार?

आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती आपण आपल्या इच्छेने घातली आणि तिच्याबरोबर आलेले नेमही आपणच पत्करले. दारच्या जिवाच्या गळ्यात पट्टा आहे. तो त्याने मागितला नव्हता, तोही आपणच घातला. तेव्हा त्या पट्ट्याबरोबर आलेला नेमही आपलाच आहे. एकादशी चुकू नये म्हणून आपण जसे जपतो, तसे पावसाच्या रात्री निजण्यापूर्वी एकदा कंदील किंवा विजेरी घेऊन बाहेर जावे, खोपट्यात हात घालून अंथरूण कोरडे आहे की नाही ते चाचपून पाहावे, आणि मग खुशाल कडी लावून हरिपाठ म्हणावा.

रामकृष्णहरि.