मूठमाती

खुलताबादला लोक जातात ते औरंगजेबाची कबर बघायला, नाहीतर भद्रा मारुतीला. त्याच परिसरात आणखी एक मकबरा आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. आत कुणी पुरलेलंच नाही, तर फिरकणार कशाला? तो बांधला गेला तुर्कस्तानचा शेवटचा खलिफा अब्दुलमजीद दुसरा याच्यासाठी. त्याची मुलगी दुर्रूशेहवार ही हैदराबादच्या निजामाची थोरली सून. मकबरा तयार झाला, व्याही मात्र आला नाही.

३ मार्च १९२४ ला अंकाराच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि रातोरात अब्दुलमजीदला कुटुंबासह देशाबाहेर काढलं. ऑगस्ट १९४४ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या हातून सुटायला दोनच दिवस उरले असताना, तो त्या शहरात वारला. लेकीने तुर्कस्तानच्या राज्यकर्त्यांना विनवलं, वडिलांना मायदेशात पुरू द्या. नकार आला. मग शव पॅरिसच्या मशिदीत राहिलं, आणि तेही महिना-दोन महिने नव्हे, जवळजवळ दहा वर्षं. अखेर १९५४ मध्ये त्याला मदिनेत जागा मिळाली. तोवर खुलताबादही निजामाचं उरलं नव्हतं.

पदच्युत राजाला सरकारी इतमामाने निरोप द्यावा का, अशी चर्चा निघाली की मला आधी हा रिकामा मकबरा आठवतो. वाद होतात ते तोफांवरून, बिगुलावरून, अर्ध्यावर उतरवलेल्या झेंड्यावरून. त्या गलक्यात त्याहून जुना आणि साधा प्रश्न हरवतो: माणसाला त्याच्या मातीत जागा द्यायची की नाही? मराठीत मूठमाती या शब्दाला दोन अंगं आहेत. गेलेल्याला आपण मूठमाती देतो तेव्हा त्याचं शेवटचं देणं फेडतो. एखाद्या प्रथेला मूठमाती देतो तेव्हा ती कायमची संपवतो. राजेशाहीला दुसऱ्या अर्थाने मूठमाती देणारी सरकारं राजाला पहिल्या अर्थाने ती द्यायला मात्र बिचकतात. माझं मत असं की मूठमाती हा प्रत्येकाचा हक्क आहे, मग राजा नालायक का असेना. तोफांवर मात्र कुणाचाही हक्क नाही. त्या कमवाव्या लागतात, आणि त्या मुकुटावर नव्हे, कामावर.

जानेवारी २०२३ मध्ये एकाच आठवड्यात या प्रश्नाची दोन उत्तरं मिळाली. १६ तारखेला अथेन्समध्ये ग्रीसचा माजी राजा कॉन्स्टंटाइन दुसरा याचा अंत्यविधी झाला. पंतप्रधान मित्सोताकिस यांच्या सरकारने आधीच जाहीर केलं होतं की अंत्यसंस्कार सरकारी नसतील. एक खासगी नागरिक म्हणून त्याला तातोईला पूर्वजांशेजारी पुरलं जाईल. स्पेन, डेन्मार्क, स्वीडनचे राजे-राण्या आल्या, हजारो लोकांनी रांगा लावून दर्शन घेतलं, शवपेटीवर ग्रीसचा झेंडाही होता. सरकारतर्फे उपपंतप्रधान आणि सांस्कृतिक मंत्री हजर राहिले. राष्ट्रप्रमुखाचा मान तेवढा दिला गेला नाही.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचं कारण १९६७ मध्ये आहे. त्या वर्षी २१ एप्रिलला काही कर्नलांनी रणगाडे रस्त्यावर आणले. राजा २६ वर्षांचा होता. रोमच्या १९६० च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेला हा देखणा तरुण लोकांचा लाडका होता. त्याने बंडखोरांच्या सरकारला शपथ दिली. डिसेंबरात त्यांच्याविरुद्ध उलटं बंड करून बघितलं, ते फसलं आणि तो कुटुंबासह रोमला पळाला. दुसरा मार्गच नव्हता असं त्याचे चाहते म्हणतात. असेल. पण राजा नावाच्या माणसाला देश वर्षानुवर्षं पोसतो तो अशाच एखाद्या सकाळसाठी. ८ डिसेंबर १९७४ च्या सार्वमतात सुमारे ६९ टक्के ग्रीकांनी राजेशाही नाकारली, तेव्हा त्यांना ती सकाळ आठवत असणारच. कर्नलांच्या तुरुंगांत छळ सोसलेली माणसं २०२३ मध्येही हयात होती. त्यांच्या पैशाने, त्यांच्याच लष्कराने त्या शवपेटीला सलामी कशी द्यायची?

मात्र ग्रीसने मातीच्या बाबतीत आधी जो कद्रूपणा केला त्याचं समर्थन मी करणार नाही. १९८१ मध्ये कॉन्स्टंटाइनची आई, राणी फ्रेडेरिका वारली. उतारवयात मद्रासला राहून अद्वैत वेदान्त शिकणारी ही बाई हा एका वेगळ्याच लेखाचा विषय आहे. तिला तातोईला पुरण्यासाठी मुलाला देशात यायला मिळालं ते अवघ्या काही तासांपुरतं. आईला माती द्यायची आणि घड्याळाकडे बघायचं! एवढी धास्ती कशाची? २०१३ मध्ये तो कायमचा परत आला, म्हातारा होऊन राहिला, आणि प्रजासत्ताकाचं काहीही बिघडलं नाही.

रुमानियाचा राजा मिहाई पहिला हा कॉन्स्टंटाइनच्या बरोब्बर उलट माणूस. २३ ऑगस्ट १९४४ ला, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने हुकूमशहा अंतोनेस्कूला राजवाड्यातच अटक करवली आणि देशाला हिटलरच्या गोटातून बाहेर काढलं. बक्षीस काय? ३० डिसेंबर १९४७ ला कम्युनिस्टांनी जबरदस्तीने राजीनामा लिहून घेतला. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू गेला तरी वनवास संपला नाही. १९९० च्या नाताळात तो पूर्वजांच्या कबरींचं दर्शन घ्यायला कुर्तेआ दे आर्जेशला निघाला, तर पोलिसांनी महामार्गावर गाड्या अडवून त्याला देशाबाहेर घालवलं. २०१७ मध्ये ९६ व्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच राज्याने तीन दिवसांचा दुखवटा पाळून त्याला त्याच कुर्तेआ दे आर्जेशला वाजतगाजत नेलं. या मानाला माझी ना नाही. तो १९४४ च्या एका दुपारचा मान होता, आणि १९९० च्या त्या महामार्गाची भरपाईही.

म्हणजे सरकारी अंत्यसंस्कार मृताबद्दल जेवढं सांगतात त्याहून जास्त ते करणाऱ्याबद्दल सांगतात. १७ जुलै १९९८ ला रशियाने झार निकोलस आणि त्याच्या कुटुंबाचे अवशेष सेंट पीटर्सबर्गला पुरले, हत्येला ८० वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी. अध्यक्ष येल्त्सिन शवपेट्यांपुढे वाकले आणि पापाची कबुली दिल्यासारखं बोलले. ज्या घरात त्या कुटुंबाला गोळ्या घातल्या ते घर १९७७ मध्ये पाडलं गेलं, तेव्हा त्या प्रांताचे पक्षप्रमुख हेच येल्त्सिन होते. त्या दिवशी तोफा मात्र १९ च झाल्या, २१ नाहीत. झारने सिंहासन सोडलं होतं ना, म्हणून दोन कमी. हा हिशेब वाचून मला आपली संस्थानं आठवली. हैदराबाद, बडोदा, ग्वाल्हेरला २१ तोफा, कोल्हापूरला १९. बारुदाच्या धुरातून माणसाची प्रतवारी करणाऱ्या कारकुनाला देशाची सीमा नसते.

आता त्या आठवड्याचं दुसरं उत्तर. अथेन्सनंतर दोनच दिवसांनी, १८ जानेवारी २०२३ ला, हैदराबादच्या मक्का मशिदीत मुकर्रम जाह यांना पोलिसांच्या मानवंदनेसह पुरण्यात आलं. हे दुर्रूशेहवार यांचे थोरले चिरंजीव. एक आजोबा अखेरचा खलिफा, दुसरे अखेरचा सत्ताधारी निजाम. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं कुरण घेऊन राहिलेला आणि शेवटी इस्तंबूलमध्ये वारलेला हा माणूस राज्य असं कधी करूच शकला नाही. १९६७ मध्ये आजोबांची गादी मिळाली ती नावापुरती, आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने ते नावही गेलं. तेलंगण सरकारने कारण दिलं ते शिक्षण आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या सेवेचं.

माझं आजोळ मराठवाड्यातलं. निजामी राजवट संपल्याच्या आठवणीत तिथे १७ सप्टेंबरला झेंडा चढतो, आणि रझाकारांच्या गोष्टी ऐकलेली माणसं अजून घरोघर आहेत. त्यामुळे ती मानवंदना टीव्हीवर बघताना मी अस्वस्थ झालो हे कबूल करतो. आजोबांचा राग नातवावर काढायचा नाही, हे मला कळतं. पण मग आजोबांचा मानही नातवाला का? उस्मानिया विद्यापीठ आणि उस्मानिया रुग्णालय हे आजोबांचं काम, आणि रझाकारांना मोकळं सोडणं हेही आजोबांच्याच काळातलं. मायभूमीत, वडिलांच्या कबरीशेजारी जागा मिळाली, हे उत्तमच झालं. पॅरिसला दहा वर्षं ताटकळलेल्या आजोबांच्या नातवाला चार दिवसांत माती मिळाली यात मला एक प्रकारचा न्यायही दिसतो. बंदुका तेवढ्या वगळायच्या होत्या.

यावर काहीजण म्हणतात, इतिहासाशी समेट होतो तर थोडे बार उडाले म्हणून काय बिघडलं? समेट होत असेल तर काहीच नाही. पण समेट आणि सोय यांत फरक करावा लागतो, आणि त्यासाठी रत्नागिरीला जायला हवं.

ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. समुद्राकडे तोंड केलेला राजवाडा त्याला १९१० मध्ये मिळाला. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, तो तिथेच वारला. आज ना उद्या त्याला मायदेशी नेता येईल या आशेवर घरच्यांनी त्याची शवपेटी काही वर्षं जमिनीत उतरवलीच नाही. परवानगी मिळाली नाही, आणि १९१९ मध्ये रत्नागिरीतच त्याची कबर झाली. राणी सुपयालत रंगूनला परतली. १९२५ मध्ये ती गेली तेव्हाही तिला मंडालेच्या राजवाड्यात पुरण्याची घरच्यांची विनंती इंग्रजांनी मानली नाही. थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली आणि मराठीच बोलत राहिली.

डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या शंभराव्या स्मृतिदिनी म्यानमारचे, म्हणजे ब्रह्मदेशचेच, उपराष्ट्रपती आणि त्यांच्यासोबत सेनाप्रमुख मिन आंग लाईंग रत्नागिरीला कबरीवर आले. राजाला शंभर वर्षांनी का होईना, आपल्या सैन्याचा प्रमुख भेटला म्हणायचा. १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच सेनाप्रमुखाने निवडून आलेलं सरकार उलथून टाकलं. ती भेट समेट नव्हती, सोय होती.

थिबाला इकडे आणण्याच्या २७-२८ वर्षं आधी याच इंग्रजांनी अखेरचा मुघल बादशहा बहादूरशाह जफर याला तिकडे, रंगूनला नेलं होतं. ७ नोव्हेंबर १८६२ च्या पहाटे तो वारला आणि त्याच संध्याकाळी पहाऱ्याच्या ठाण्यामागे पुरला गेला. वर जमीन सपाट करून हिरवळ लावली, म्हणजे गवत वाढलं की जागा ओळखू येऊ नये. खरी कबर सापडायला १९९१ साल उजाडलं. दरम्यान दोन्ही देश इंग्रजांच्या हातून सुटले, दोन्हीकडचे पुढारी परस्परांच्या राजाच्या कबरीवर फुलं वाहून गेले. जफर रंगूनमध्येच आहे आणि थिबा रत्नागिरीत.